दादर की पार्ले? : भाड्याच्या घराचा एक इतिहास

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु ही म्हण राहत्या घराविषयी आहे. पदरी चार पैसे जमले असता दुसरे घर घ्यावे, त्यात बिऱ्हाडकरू ठेवावा आणि महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या भाड्यावर उतारवय निश्चिंतपणे काढावे, हा विचार म्हणीत नाही. तो नगरांच्या वाढीबरोबर आला. आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला, जो इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत अनेक मराठी घरांत आजही रात्रीच्या जेवणानंतर निघतो : घर घ्यायचे खरे, पण कोणत्या बाजूला? शहराच्या कोणत्या उपनगरात?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर देणारे दलाल पुष्कळ आहेत. मला आज त्याचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि त्यासाठी मुंबईचे उदाहरण घेतो. ज्यांचा कोणी ना कोणी आप्त मुंबईला नोकरीला गेला नाही असे कुटुंब आपल्यात क्वचितच सापडेल; शिवाय हिंदुस्थानात उपनगराचा सौदा जितका दीर्घकाळ आणि जितक्या कागदोपत्री मुंबईत झाला, तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

मुंबईच्या जमिनीचा पहिला मोठा जुगार उपनगरात झालाच नाही, तो समुद्रात झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा जिरवावा कोठे? समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅक बेच्या कंपनीचे भाग जमिनीचा एक चौरस हातही कोरडा होण्याआधी मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध थांबले आणि त्याच वर्षी १ जुलैला वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हा मुंबईतील भल्या भल्या पेढ्या बसल्या. जी जागा अजून नाही तिच्या नकाशावर पैसे लावण्याची ही खोड मुंबईने त्यानंतर सोडली असे मात्र म्हणता येत नाही.

उपनगराची खरी गरज निर्माण केली ती रोगाने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात काही माणसे ताप आणि गाठी येऊन दगावली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेगच आहे, असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी. हे गृहस्थ मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. मुंबईची जी वाताहत पुढे झाली तिचे वर्णन मी करीत नाही. एकच आकडा सांगतो. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांनी घटलेली भरावी, ही सरकारला भिवविणारी गोष्ट होती. १८९८ मध्ये खास कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली.

या ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पाडलेल्या घरांतील गरीब माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली, ही त्या काळची टीकाही खोटी नव्हती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम उत्तरेस झाले. दादर, माटुंगा, शीव येथील शेते, वाड्या आणि खाजणे ट्रस्टने संपादन केली, भराव घातले, रस्ते, गटारे आणि पाण्याचे नळ आधी टाकले, आणि मग भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊ केले. घर आधी आणि सोयी मागाहून, ही आपली सनातन रीत येथे उलटी केली होती. तरी गंमत अशी की, पहिली कित्येक वर्षे या भूखंडांना गिऱ्हाईक फारसे नव्हते. गिरगावातला माणूस म्हणे, तेथे राहावयाचे तर कचेरीत पोहोचावयाचे केव्हा आणि संध्याकाळी बोलावयाचे कोणाशी? सगळे सुधारलेले, आखीव, हवेशीर. परंतु माणूस नाही. माणसे असल्याखेरीज माणसे जात नाहीत, ही उपनगराची पहिली अडचण होय. ती कोणत्याही नकाशात दिसत नाही.

ती अडचण बहुधा जातीच्या, पंथाच्या किंवा प्रांताच्या ओढीने सुटली. ट्रस्टमध्येच अभियंते असलेल्या मंचरजी एदलजी जोशी यांनी मध्यम स्थितीतील पारशांसाठी भूखंड राखून घेतले आणि दादरची पारशी कॉलनी वसली. शेजारी हिंदू कॉलनी झाली. माटुंग्यास दक्षिणेकडची मंडळी जमली. तिकडे गावदेवीस श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली होती. मुंबईतील सहकारी घरांचा आरंभ तेथून झाला. आजच्या दृष्टीला या वसाहतींची वेगळी वेगळी कुंपणे खुपतात, आणि ती खुपावीत हेच योग्य. पण भाडेकरू शोधणाऱ्या घरमालकाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा अर्थ असा होता की, येथे बिऱ्हाड रिकामे राहणार नाही. मागे शाळा-महाविद्यालये आली. १९२३ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था माटुंग्यास गेली, १९३७ मध्ये रुईया कॉलेज निघाले. १९२५ मध्ये उघडलेल्या माहीम पार्कला १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले, आणि त्या मैदानाभोवतीची घरे मराठी मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेची खूण बनली.

भाड्याच्या उत्पन्नाचे गणितही येथे नव्याने मांडावे लागले. जुन्या चाळीचा हिशेब सोपा असे : जितक्या खोल्या अधिक, तितके भाडे अधिक, नळ आणि संडास सर्वांत मिळून. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी उजेडाचा एक नियम आग्रहाने चालविला. इमारतीच्या उंचीच्या निदान निम्म्याइतकी जागा बाजूला मोकळी असली पाहिजे, म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांच्या तिरक्या रेषेने तळमजल्याच्या खोलीतही आभाळाचा उजेड पोहोचेल. मालकाला ही जागा फुकट गेल्यासारखी वाटे. परंतु त्याच नियमामुळे दादर-माटुंग्यास दोन-तीन मजली, चारी बाजूंनी मोकळ्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत ‘ब्लॉक’ आला. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास एकाच दाराच्या आत, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला एकदा विरोध होता हेच आपण विसरलो. राहत्या घरात संडास? सोवळ्याचे काय? असे विचारणारे सासू-सासरे त्या वेळी घरोघर होते. पण सुनेने ब्लॉक पसंत केला, आणि ब्लॉकचे भाडे चाळीतील खोल्यांपेक्षा चढे असे. १९३० नंतर ज्याच्यापाशी भांडवल होते असा व्यापारी, कंत्राटदार किंवा सेवानिवृत्त अधिकारी दादर-माटुंग्यास इमारत बांधून भाड्याने देऊ लागला, तो या हिशेबाने.

आता खाडीपलीकडे जाऊ.

माहीमच्या खाडीपलीकडे साष्टी बेट. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, १८६७ मध्ये पश्चिमेच्या मार्गावर विरारहून बॅक बेकडे गाडी सुरू झाली. तरी वाफेच्या गाड्यांच्या काळात वांद्र्यापलीकडचे जीवन बरेचसे खेडवळच राहिले. बदल केला तो विजेने. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेस बोरिवलीपर्यंत वीज आली, १९३६ मध्ये विरारपर्यंत. स्टेशनापासून पायी दहा मिनिटांच्या आत, हे जमिनीच्या मोलाचे परिमाण तेव्हापासून ठरले. आजही ते पुसले गेलेले नाही.

पण रेल्वेचा भरवसाही किती धरावा? याच वर्षांत अंधेरीहून कुर्ल्यावरून तुर्भ्याकडे एक आडवा लोहमार्ग टाकला गेला. बांधणारा तोच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. साष्टीच्या पोटातील जमीन वसावी, पूर्व-पश्चिम जोडली जावी, हा हेतू. १९२८ मध्ये मार्ग सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंद पडला. रूळ उखडले गेले. स्टेशन आले म्हणून जागा घ्यावी हा नियम चांगला आहे. परंतु स्टेशन राहील काय, हाही प्रश्न विचारावा लागतो, याचे यापेक्षा रोकडे उदाहरण मला माहीत नाही. अंधेरीहून पूर्वेच्या उपनगरांकडे माणसे नेणारी लोहमार्गावरची गाडी पुन्हा धावली ती २०१४ मध्ये, घाटकोपरची मेट्रो म्हणून. मध्ये ऐंशी वर्षे गेली. एवढी वाट पाहणारा गुंतवणूकदार कोण असणार?

पार्ल्याची घडण निराळी. तेथे ट्रस्टने सगळी जमीन घेऊन भूखंड पाडले नाहीत. १९१५ च्या नगररचना कायद्याप्रमाणे साष्टीत कित्येक योजना आखल्या गेल्या. या कायद्याची युक्ती अशी : मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढावयाच्या, आणि उरलेले सरळ तुकडे पुन्हा त्याच मालकांना द्यावयाचे. जमीन थोडी कमी मिळे, पण तिला रस्ता मिळे. बडोद्याच्या श्रोत्यांना ‘फायनल प्लॉट’ हा शब्द खरेदीखतात भेटला असेल. तो या पद्धतीचाच. पार्ल्यास लहान लहान भूखंड झाले आणि ते घेणारा माणूसही बेताचा होता : शिक्षक, कारकून, वकील, छापखान्यातला व्यवस्थापक. त्याने बांधला तो स्वतःपुरता बंगला, फार तर वर एक बिऱ्हाड. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघाले, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. शाळा आणि वाचनालय आधी काढून मग शेजार जमविण्याची ही मराठी रीत होय. बाकी पावसाळ्यात चिखल, संध्याकाळी डास आणि विहिरीचे पाणी, हे सर्व होतेच. वैतरणेचे मोठे धरण, ज्याला आज मुंबईचे अभियंते मोडक यांचे नाव आहे, ते पुरे झाले १९५७ च्या सुमारास.

आता एक कल्पना करा. १९३८ साल आहे. दोन भाऊ आहेत, वडिलोपार्जित वाड्याची वाटणी होऊन दोघांच्या हाती रक्कम आली आहे. थोरल्याने व्यवहार जाणून, आणखी दोघा-तिघांचे कर्ज घेऊन, दादरला आठ ब्लॉकांची इमारत बांधली आणि आठही बिऱ्हाडे भाड्याने दिली. समजा, दरमहा चाळीस रुपयांनी. धाकट्याने पार्ल्यास भूखंड घेऊन कौलारू बंगली बांधली आणि स्वतः तीत जाऊन राहिला. थोरला म्हणाला असेल, अरे, तू पैसे जमिनीत पुरलेस. मी ते कामाला लावले. १९३८ साली जितके काही जाणता येणे शक्य होते त्या सर्वाच्या आधारे थोरल्याचेच बरोबर होते. दादरला पाणी, गटार, शाळा, दोन्ही रेल्वेमार्गांचे स्टेशन, आणि भाडेकरूंची रीघ. त्याने उपनगर अचूक निवडले होते.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात मुंबईत माणसे लोटली, १९४७ मध्ये फाळणीचे निर्वासित आले, आणि नवी बांधकामे मात्र सिमेंट-लोखंडाअभावी अडली. भाडी भडकली असती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटीही, १९१८ मध्ये, असाच भाडेनियंत्रणाचा कायदा झाला होता आणि पुढे तो उठला होता. तेव्हा हेही चार वर्षांचे ग्रहण, असे मालकांना वाटले असल्यास नवल नाही. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. त्याने ठरविले की, १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे होय. करवाढीसारख्या ठराविक कारणांनीच त्यात भर घालता येईल. भाडे देणाऱ्या कुळाला ठराविक कारणांवाचून काढता येणार नाही, आणि कुळाच्या पश्चात त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला ते कूळपण मिळेल. कायदा मूळचा मुदतीचा होता. मुदत संपत आली की वाढविली जाई. अशी ती जवळजवळ अर्धशतक वाढत राहिली.

हा अन्याय होता काय? एका बाजूने पाहता मुळीच नव्हता. दादर, गिरगाव, परळ येथे शिक्षक, नट, कामगार, कारकून पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले ते या कायद्याच्या जोरावर. तो नसता तर मुंबईच्या मध्यभागातील मराठी संसार १९५० च्या आतच खाडीपलीकडे गेले असते, आणि त्यांच्याबरोबर तेथील नाटके, व्याख्यानमाला आणि वाचनालयेही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या कल्पनेतील थोरल्या भावाच्या नातवाला १९९० साली एका ब्लॉकचे मूळ भाडे चाळीसच रुपये मिळत होते, आणि तेवढ्यात छपराचे एक कौलही येत नव्हते. मग त्याने दुरुस्ती सोडली. भिंतींना पिंपळ फुटले. सरळ भाडे गोठले तेव्हा आडवाटेचे भाडे निघाले, तिचे नाव पागडी. जुने कूळ जाताना नव्या कुळाकडून रक्कम घेई आणि तीत मालकाचाही वाटा असे. उजेडात चाळीस रुपये आणि अंधारात हजारो, अशी ही विपरीत नीती एका सद्हेतूच्या कायद्यातून उपजली. पुढे १९७३ मध्ये, १ फेब्रुवारीस जे परवानाधारक जागेत होते त्यांनाही कुळाचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून तर लोक रिकामा ब्लॉक कुलूप लावून ठेवणे पत्करू लागले, पण भाड्याने देणे नको म्हणू लागले.

आणि पार्ल्याचा धाकटा? त्याच्या घरात कूळच नव्हते, म्हणून कायद्याला तेथे धरावयाला काही नव्हते. १९५० मध्ये पार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. गाड्या वाढल्या, नळ आले. १९६३ मध्ये मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला आणि मजल्यामजल्याने घर विकण्याची रीत रुळली. कौलारू बंगल्यांच्या जागी चार मजल्यांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहू लागल्या, आणि ज्याने उत्पन्नाचा विचारच केला नव्हता त्याच्या मुलांना जमिनीच्या मोलाचा पुरेपूर वाटा मिळाला. हे त्याचे शहाणपण नव्हे. तो केवळ आपल्या घरात राहत होता.

ही गोष्ट केवळ मुंबईची असे कोणी समजू नये. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाल्यावर मुंबईचा हाच कायदा गुजरातेतही चालू राहिला, म्हणून बडोद्याच्या जुन्या वाड्यांतील कुळांचे तंटे याच कलमांवर लढले गेले. हैदराबादकडे १९६० मध्ये, इंदूर-ग्वाल्हेरीस व बेळगावकडे १९६१ मध्ये आणि गोव्यात १९६८ मध्ये त्या त्या राज्याचे भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. कलमे निरनिराळी आहेत, तेव्हा दुसऱ्या राज्यात घर घेऊन ते भाड्याने देऊ पाहणाऱ्याने रस्ता आणि स्टेशन यांच्याआधी तेथील कायदा वाचलेला बरा. घर गावी असते, पण भाडे राजधानीत ठरते.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, १९४० च्या पातळीवर गोठविलेले भाडे आता वाजवी म्हणता येत नाही. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला उजेडात आणले, बँका, सरकारी महामंडळे आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले, आणि मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा परत मिळविण्याची वाट मालकाला मोकळी केली. आज मुंबईत दिसणारा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करारनामा या सगळ्या इतिहासाचे अपत्य आहे. जुन्या कुळांचे भाडे मात्र त्या चार टक्क्यांनी हळूहळूच चढते, कारण ते मुळातच इतके खाली होते.

दादरच्या त्या इमारतीचे पुढे काय होते, ते मात्र दुसऱ्या एका कायद्याकडे पाहिल्यावाचून कळत नाही. जुन्या इमारती कोसळून माणसे मरू लागली, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. मालक दुरुस्ती करू शकत नाही, म्हणून उपकर घेऊन ती सरकारी मंडळाने करावी, अशी ही योजना. तिच्यात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींचे वयाप्रमाणे तीन वर्ग केले गेले. पहिला वर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा. तारीख तीच, जिने भाडे गोठविले होते. आणि ही योजना लागू झाली ती केवळ मूळ मुंबई बेटावर. तिची हद्द माहीम आणि शीव येथे संपते. खाडीपलीकडे कोणी १९३८ साली आठ ब्लॉकांची इमारत बांधून भाड्याने दिली असेल, तर तिचे भाडे दादरसारखेच गोठले, परंतु तिच्या दुरुस्तीला हे मंडळ येत नाही. पार्ले, सांताक्रूझ, वांद्रे येथे अशा काही इमारती अजून उभ्या आहेत. खाली दुकाने, वर वृद्ध भाडेकरू, आणि जिन्याला टेकू दिलेले लाकडी वासे.